वीस मिनिटांची घंटी

माझी कंबर तीन वर्षं दुखते आहे. ती थांबणार नाही, हे मला कळून चुकलंय. मीही थांबणार नाही, हे आता तिला कळू दे.

आमच्याकडं खुरपणी सावडीनं होते. आज सगळ्या बायका तुझ्या रानात, उद्या माझ्या. मजुरी कुणी देत-घेत नाही. प्रत्येकीनं आपली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, धरायची आणि ओळीनं पुढं सरकायचं. मागं राहिलं की टोमणे ठरलेले. म्हणून कंबर जरा बरी वाटली की मी इरेला पेटून सगळ्यांच्या पुढं पात काढायचे आणि नंतर चार दिवस अंथरुणाला खिळायचे. हा मूर्खपणा मी दोन हंगाम केला.

कळंबला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखायच्या आधी उठायचं. दुखल्यावर उठलात तर उशीर झाला." तेव्हापासून कमरेच्या पिशवीत मोबाईल असतो. दर वीस मिनिटांनी घंटी वाजते, मी खुरपं ठेवते आणि बांधापर्यंत चालून येते.

बायकांना आयतंच सापडलं. "वाजली बघा, शाळा सुटली!" थोरल्या जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "असले नखरे सावडीत चालायचे न्हाईत," म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीतीही वाटली. सावडीतून काढलं असतं तर माझं दोन एकर सोयाबीन मी एकटीनं कसं खुरपणार होते?

"दिस मावळायच्या आत माझी पात पुरी झाली न्हाय तर काढा मला," मी म्हणाले. "पर मी उठणार म्हंजी उठणार!"

दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांच्या तासभर आधी रानात जाऊ लागले. घंटी वाजत राहिली, पात पुरी होत राहिली.

मग पाळी माझ्या रानावर आली. मालकिणीनं सगळ्यांच्या पुढं राहायचं, ही आमची रीत. लाजेपायी मी घंटी बंद केली आणि दात आवळून खुरपत सुटले.

"आज घंटी का वाजंना?" मागून जाऊबाईंनी विचारलं.

"बंद केलीय, जाऊबाई."

"चालू कर. अन् आधी ऊठ! तू पडल्यावर परवा माझ्या रानात कोण येणार? तुझी डॉक्टरीण व्हय?"

बायका खदाखदा हसल्या. मी उठले. बांधावर जाऊन आधी डोळे पुसले. मग घंटी परत लावली आणि तिचा आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.