टोपी काढा, एवढंच म्हणालो होतो

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कपबशी खाली ठेवा. शिकवण्याच्या हौसेपायी मी एकदा अर्धं गाव रडायला लावलं होतं!

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा. मेहकरकडच्या एका शाळेत मी इंग्रजीचा हंगामी मास्तर होतो. माझं लग्न ठरलेलं. सासऱ्यांची एकच अट, जावयाची नोकरी कायम हवी. हेडमास्तर केशवराव आठवडाभर तापाने अंथरुणावर होते. त्यांनी निरोप धाडला, पोरांना इंग्रजीची मोठी अक्षरं कुठे घालायची ते आलं, तरच तुमच्यासाठी वर लिहीन. म्हणजे बघा, माझी बायको त्या अक्षरांत अडकलेली!

आपल्या लिपीत अक्षरं सगळी सारखीच. नावाचं पहिलं अक्षर मोठं, वाक्याचं पहिलं मोठं, हे पोरांना काही केल्या पटेना. शामराव नावाच्या पोराने तर विचारलंच, "मास्तर, अक्षरातबी पाटील असते काय?"

आणि मला युक्ती सुचली. मोठं अक्षर टोपीवालं, लहान अक्षर बोडकं. प्रत्येकाच्या हाती एकेका अक्षराची पाटी दिली. वर्गात ओळ मावेना, म्हणून पोरांना शाळेपुढच्या रस्त्यावर उभं केलं आणि आधी सगळ्यांना टोप्या काढायला सांगितल्या; ज्याचं अक्षर मोठं, त्यानेच मग घालायची. पोरं चुळबुळू लागली.

शामराव म्हणाला, "आमच्या घरी तं सगळे जिते आहेत मास्तर. टोपी काऊन काढू?"

आता मी काय पुण्याहून आलो होतो? देऊळगाव राजाचाच की! घरातलं माणूस गेल्याशिवाय कोणी बोडक्या डोक्याने रस्त्यावर उभं राहत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण नव्या युक्तीपुढे अक्कल कुठे चालते? मी त्याला गप्प केलं, नमुना दाखवायला माझाही फेटा काढून हातात घेतला, आणि कोणी ब्र काढायचा नाही अशी ताकीद दिली.

गावचे पाटील छकड्यातून चालले होते. ओळ पाहून ते उतरले, पागोटं काढलं आणि टोकाला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, काय हा शिक्षणाचा जिव्हाळा! मग दोघे आले, दहा आले. कासमभाईंनी कापडाचं दुकान बंद केलं, मागोमाग सगळ्या बाजाराने. असल्या वेळी कोणी काही विचारत नसतं, नुसतं येऊन उभं राहतं. माझी शिकवणी बघायला बाजार बंद झाला म्हणून मला इतकं भरून आलं, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाणी पाहून म्हातारी माणसंही डोळे पुसू लागली.

तेवढ्यात गर्दीतून घोंगडी पांघरलेले, काठी टेकत केशवराव आले. बाजार बंद झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कोण गेलं हो?"

पाटलांनी सावकाश पागोटं डोक्यावर चढवलं. "तुमीच गेले होते न हेडमास्तर."

मी चाचरत सगळं सांगितलं. काठी पाठीत बसणार, नोकरी जाणार, लग्न मोडणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण केशवराव शाळेच्या पायरीवर बसले. मिटलेल्या दुकानांकडे बघत राहिले.

"माह्यासाठी एवढे लोक आले?" ते हळूच म्हणाले. "मले तं वाटे, या गावात मले कोणी ओयखतच नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी बरंही वाटलं. एवढं कळायला माणसाला खरोखर मरावं लागतं, आणि मग कळून उपयोग नसतो.

त्यांनी पोरांना पाट्या घ्यायला लावल्या. गाव आज कोणासाठी रडलं, त्याचं नाव इंग्रजीत लिहायला सांगितलं. एकूण एक पाटीवर केशवरावांचं नाव आलं, आणि पहिलं अक्षर मोठं!

शब्दाला जागून त्यांनी तिथेच कागद मागवला. त्यांनी वर लिहिलं, "हे मास्तर उत्तम शिकवतात. त्यांना जरूर कायम करावं. मात्र मी हयात आहे तोवर दुसऱ्या गावी."