उलटी चरवी

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बयाबाई म्हैस घेऊन उभी राहिली, की कुणी मागायच्या आत रिकामी चरवी उलटी धरून दाखवायची. तळाला पाण्याचा थेंब नाही हे गिऱ्हाइकानं बघितलं, की मगच आचळाला हात. नवऱ्यामागं संसार तिनं असाच ओढला. डोळ्यांदेखत पिळलं तेवढंच खरं, हा तिचा नियम माणसांनाही लागू होता.

त्यामुळं लेक साक्षी जेव्हा म्हणाली, ऑर्कुटवर भेटलेल्या मुलाशीच लग्न करणार, तेव्हा बयाबाईनं विचारलं, पोराला समोर बघितलंय का कुणी? साक्षीनं तिला नेट कॅफेत नेलं आणि पडद्यावर दाखवला. गडहिंग्लजचा कृष्णात. एका फोटोत मोटारसायकलवर, दुसऱ्यात म्हशीखाली बसून धार काढताना. साक्षीला हा दुसरा फोटो फार आवडलेला.

बयाबाई त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिली. शर्टाला कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ, चरवीत फेसाचा पत्ता नाही.

"ह्यो धार काढत न्हाय," ती म्हणाली, "फोटो काढून घेतोय."

साक्षी तरातरा कॅफेबाहेर पडली. बयाबाईनं मात्र मनाशी ठरवलं, पोराला बोलवायचं ते घरी नाही, कट्ट्यावर. हे ऐकल्यावर साक्षीचा चेहरा पडला. कट्ट्यावर गर्दी असते, पायात शेण येतं, हॉटेलात भेटूया, अशी तिनं नाना कारणं काढली. पोराचं पितळ उघडं पडेल म्हणून पोरगी घाबरतीय, असं बयाबाईला वाटलं, आणि संशय आणखीच घट्ट झाला.

रविवारी संध्याकाळी कृष्णात आला. पत्ता चुकल्यासारखा इकडंतिकडं बघत होता. बयाबाईनं चरवी त्याच्यापुढं धरली.

"या पावणं. बसा, काढा धार."

त्यानं हात पुढं केला नाही. "मला येत न्हाय, मावशी. मी मोबाईलच्या दुकानात कामाला हाय. फोटूतली म्हस दोस्ताची हुती." मग मान खाली घालून म्हणाला, "साक्षीनं लिवलंतं, आईची डेअरी हाय, ताराबाई पार्कात बंगला हाय. बंगल्याम्होरं फोटो बी हुता. म्हटलं, आपल्याला बी दुधातलं कळतंय असं दिसाय पायजे की."

ताराबाई पार्कातला बंगला बयाबाईला चांगला ठाऊक होता. तिथं ती रतीब घालायची. पोराचे फोटो तिनं डोळ्यांत तेल घालून तपासले. लेकीला मात्र, तू स्वतःचं तिथं काय लावलंयस ते दाखव, असं एकदाही म्हणाली नव्हती. आपल्या घरच्या चरवीत कोण डोकावतं!

साक्षी जमिनीकडं बघत होती. गिऱ्हाइकं खोळंबली होती. बयाबाई स्टुलावरून उठली आणि लेकीला म्हणाली, "बस."

कॉलेजात जायला लागल्यापासून साक्षी कट्ट्यावर बसली नव्हती. तिनं ओढणी कमरेला खोचली. चरवी उचलली, आणि गिऱ्हाइकाला नव्हे, कृष्णातला उलटी करून दाखवली. मग खाली बसली. पहिली धार चरवीत वाजली तसा कृष्णातनं खिशातनं मोबाईल काढला.

"त्ये खिशात ठेवा, पावणं," बयाबाई म्हणाली. "डोळ्यांनी बघा."

त्यानं ठेवला. बघत राहिला. बयाबाई त्याच्याकडं बघत राहिली, मग लेकीकडं. होकार तिनं त्या संध्याकाळी दिला नाही. पुढच्या रविवारी परत या, एवढंच म्हणाली.