पॉइंट तीन

जळायला मला कारण लागत नाही. शेजाऱ्यानं नवी बादली आणली तरी मी आमच्या बादलीला लाथ मारतो. पण धुळ्याच्या त्या माणसावर जेवढा जळलो तेवढा जन्मात कोणावर जळलो नाही. आणि ते जळणंसुद्धा उलटं निघालं, म्हणून सांगतोय.

शाळा माझी चौथीत सुटली. पुढं वीस वर्षं नशिराबादेत घरोघर टीव्हीची केबल जोडली. त्या धंद्यात विद्या एकच. मीटरवर आकडा मोठा, तर चित्र चांगलं. आकडा पडला की चित्रात मुंग्या, आणि मग मालिकेच्या वेळेला बाया माझ्या नावानं बोटं मोडणार. लोकांच्या हातात मोबाइल आले, केबलचा धंदा बसला, आणि मी फायबरच्या कामावर लागलो. मला घेतलं ते हुशारी बघून नाही. जळगावपासून रावेरपर्यंत कुठला खांब वाकलाय आणि कुठल्या शेतातलं कुत्रं न भुंकता चावतं, हे मला पाठ होतं.

काम मोठं होतं. धुळ्याच्या कॉलेजातल्या एका मॅडमच्या डोक्यातून निघालेलं. रावेरच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावर कॅमेरे लावायचे. फणी पुढं सरकतेय तोवर तिचं चित्र धुळ्याला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जाणार. तो डाग बघणार, बाहेरदेशी जाईल का इथंच विकायची ते सांगणार, आणि ते उत्तर फणी खोक्यापाशी पोचायच्या आत रावेरला परत येणार. एवढ्या वेगाची लाइन आमच्या भागात कोणी ओढली नव्हती. प्रोग्राम मॅडमचा, लाइन जळगावच्या इंजिनियर साहेबांची, शेड आणि केळी रावेरच्या आबांची. काचेचे धागे जोडणारे आम्ही दोघं, मी आणि तो धुळ्याचा.

फायबर म्हणजे केसाएवढी काच. दोन टोकं पुसून मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन ठिणगी मारून त्यांना एक करते आणि पडद्यावर आकडा दाखवते. साहेब मला दोन दिवस शिकवत होते. आकड्याचं सांगायला लागले तेव्हा मी म्हणालो, "साहेब, आकडे मला नका शिकवू. वीस वर्षं मीटर बघितलाय." ते हसले आणि चहा प्यायला गेले.

मशीन दोन होत्या, एकेकाला एक. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "ट्रायल झाली की एक मशीन परत जाईल. दुसरी ज्याच्याकडं राहील, तो या लाइनचा कायमचा माणूस." तेव्हापासून मी मशीनची पेटी उशाशी घेऊन झोपायला लागलो. बायको म्हणाली, "माझ्याकडं कधी एवढ्या मायेनं बघितलं नाही."

धुळ्याचा माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. इस्त्रीचा शर्ट घालून खड्ड्यात उतरायचा आणि इस्त्रीसकट वर यायचा. मी खांबाखालून नुसता गेलो तरी पाठीला डांबर. तो काच तीन वेळा स्पिरिटनं पुसायचा. बोलायचं तर दहा शब्द, त्यातले पाच ‘नाना’, म्हणजे मी. धुळे ते जळगाव लाइन आधीचीच होती. पुढं तो जळगावकडून जोडत यायचा, मी रावेरकडून, आणि संध्याकाळी फोन.

"कितला उना, नाना?" म्हणजे आकडा किती आला.

"पॉइंट तीन. तुझा?"

"पॉइंट झिरो एक."

मला त्याची दया यायची. इतकं स्पिरिट घालवून झिरो एक. मी म्हणायचो, "भाऊ, होईल हळूहळू. हात बसायला वेळ लागतो." तो तिकडं हसायचा. मला वाटायचं, लाजून हसतोय.

आता माझी कारागिरी ऐका. सुरुवातीला माझाही आकडा झिरो दोन, झिरो एक असाच यायचा. मी स्वतःवर चिडायचो. जुळलेला जॉइंट तोडायचो, बोटानं जरा मळवून पुन्हा लावायचो. असं दोन-तीनदा केलं की कुठं पॉइंट तीन निघायचा, आणि मशीन टूं टूं वाजायची. मी समजायचो, शाबासकी देतेय. धुळेवाल्याची मशीन कधी वाजायची नाही. बिचारा, म्हणायचो मी.

पण एवढं असून लाड त्याचेच. मॅडम शेडवर आल्या की त्याच्याशी बोलणार, साहेब त्याला गाडीत पुढं बसवणार, आबा त्याच्यासाठी वेगळी शेवभाजी करायला सांगणार. मी मागं, खोक्यांबरोबर. माझं डोकं फिरायचं. घरी जेवताना तेच. बायको म्हणाली, "त्या धुळ्याच्या माणसाचं नाव काढल्याशिवाय तुमचा घास उतरत नाही. त्याला जेवायलाच बोलवा एकदाचं, म्हणजे दोघंही जेवाल."

मी साहेबांना सरळ सांगायचोही. "साहेब, आज पुन्हा पॉइंट तीन काढला." साहेब पोट धरून हसायचे. म्हणायचे, "नाना, तुम्ही नसता तर हे काम कंटाळवाणं झालं असतं." जन्मभर मी मस्करी केलेली. खरं बोललो तरी लोक टाळी द्यायचे.

ट्रायलच्या दिवशी शेडमध्ये सगळे जमले. मी नवा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. पट्टा सुरू झाला, फण्या निघाल्या, कॅमेऱ्यानं चित्र पाठवलं. उत्तर येईना. आलं तेव्हा फणी खोक्यात बसून खोक्याला झाकण लागलं होतं. आबा म्हणाले, "याच्यापेक्षा आमच्या बाया लवकर सांगतात." बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

साहेबांनी लाइन तपासायचं यंत्र लावलं. ते उजेड सोडतं आणि पडद्यावर रेघ काढतं. जळगावकडून रेघ सपाट निघाली, जशी टेबलावर ठेवलेली फूटपट्टी. अर्ध्या वाटेनंतर पायऱ्या सुरू झाल्या. पायरीमागं पायरी, रावेरपर्यंत.

मी पुढं झालो. म्हणालो, "ते माझे जॉइंट. दिसतात बघा कसे उठून."

कोणी हसलं नाही. साहेब हळू आवाजात म्हणाले, "नाना, तुम्ही खरंच पॉइंट तीन काढत होता?"

"रोज. झिरो एक आला की तोडून परत करायचो."

मॅडमनी खुर्ची ओढून मला बसवलं. "भाऊ, हा आकडा उजेड किती सांडला त्याचा आहे. जेवढा कमी तेवढा चांगला. उजेड सांडला की चित्र पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, म्हणून उशीर. यालाच लॉस म्हणतात."

"मग मशीन वाजते ती?"

"ती सांगत असते, जॉइंट बिघडलाय, पुन्हा करा."

दोन महिने मशीन मला शिव्या देत होती आणि मी मान डोलावत होतो. मी धुळेवाल्याकडं वळलो. "तुला माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली. "माले वाटनं, तुमी मजाक करी ऱ्हायनात, नाना."

वाईट कशाचं वाटलं सांगू? तो खोटं बोलत नव्हता, त्याचं. एखादी तरी खोट त्याच्यात सापडायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवसापासून माझे सगळे जॉइंट नव्यानं करायला निघालो. साहेब मला घरी पाठवणार होते. तोच म्हणाला, "नानांच्या हातचा पहिला जॉइंट कायम चांगला येतो, साहेब. फक्त तोडू देऊ नका." म्हणजे आता उपकारही त्याचेच. पाचोऱ्याला सासरा वारला तेव्हा रडलो नव्हतो, त्या दिवशी खांबाआड जाऊन डोळे पुसले. रागानं पुसले, असं मी बायकोला सांगितलंय.

चार दिवसांत लाइन साफ झाली. आकडा झिरो एक, झिरो दोन, आणि मशीन गप्प. त्या गप्प बसण्यावर खूश व्हायला मला वेळ लागला. ट्रायल पुन्हा झाली, तेव्हा फणी कॅमेऱ्याखालून सरकते न सरकते तोच हिरवा दिवा. आबांनी सगळ्यांना केळी वाटली. तिथंच.

एक मशीन परत गेली, दुसरी धुळेवाल्याकडं राहिली. लाइनचा माणूस तो झाला. मला रस्ता दिला, म्हणजे खांब, खड्डे, झाडं बघत फिरायचं. रावेरकडं काही तुटलं तर तो मशीन घेऊन येतो, आणि दमला असेल तर जोडायला माझ्या हातात देतो.

परवा असाच तो जेवायला गेला आणि मशीन माझ्यापाशी राहिली. तिच्या पोटात जुने आकडे तारखेसकट साठलेले असतात. मी एकेक वर सरकवत गेलो. झिरो एक. झिरो एक. झिरो एक. आणि मधेच एक झिरो पाच. मी दोनदा बघितलं. झिरो पाचच. उठलो, टपरीवर गेलो आणि स्वतःसाठी स्पेशल चहा सांगितला.

तो जेवून आला तेव्हा मी त्याच्यासमोर पडदा धरला. "भाऊ, हे काय? तुझा हात पण घसरतो म्हणायचा."

त्यानं तारीख बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "नाना, त्या दिवशी मी तापानं गाडीत पडेल होतू. हाऊ जॉइंट तुमना हातना शे."

चहा अर्धा राहिला होता. तो त्याला दिला.