हत्तुरे मॅडम, नरकाच्या कविता आणि माझी सही

हत्तुरे मॅडमविरुद्धच्या अर्जावर तिसरी सही माझी होती.

हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

मॅडम काल सकाळी गेल्या. दुपारी माती दिली. आज लिहितोय.

एम.ए. इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला त्यांचा ऑप्शनल पेपर होता, मध्ययुगातली युरोपियन कविता. आम्ही अकरा जण. मी नातेपुत्याहून आलेला, इंग्रजी बोलताना घाम फुटणारा.

कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि मॅडम फळ्यावर ख्रिस्ती कवींच्या नरकाचे मजले काढायच्या. कुठल्या पापाला कुठला मजला, कुठली शिक्षा. चहाडखोर जिभेनं टांगलेले.

"रागाच्या भरात केलेलं पाप वर. डोकं शांत ठेवून केलेला दगा पार खाली. का सांगा? बुद्धी देवानं दिलेली, ती ह्यानं खोटं बोलायला वापरली."

एकदा अक्कलकोटच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ख्रिस्ताच्या आधी जन्मलेल्या चांगल्या माणसांचं काय चुकलं? ती का नरकात?"

मॅडमनी खडू खाली ठेवला.

"त्या कवींनाही हे पचलं नव्हतं. देवाचं चुकलं म्हणवत नाही, आणि त्या माणसांकडं बघवत नाही. त्या दोन्हीच्या मधे अडकून लिहिलंय त्यांनी."

ह्याला कुणी धर्मप्रचार म्हणेल?

आम्ही म्हटलं.

माझा सेमिनार मी नेटवरून जसाच्या तसा उचलला होता. मॅडमनी पानं मिटली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे तुझं नाही. तुझं तोडकंमोडकं आण, मी ऐकते."

कान तापले. त्याच आठवड्यात होस्टेलवर एका मित्रानं अर्ज पुढं केला. 'वर्गात परधर्माचा प्रचार होतो.' त्याला मॅडमनी हजेरीवरून अडवलं होतं.

"सही कर की. लई शहाणी समजती सोताला."

केली.

इथवर राग होता. पुढचं रागातलं नाही.

पंधरा दिवसांनी कॉलेजच्या कमिटीनं मला आत बोलावलं. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी दारात असतानाच त्यांना कुणीतरी विचारत होतं, "तुम्ही चर्चला जाता का?"

"मी लिंगपूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही सर," मॅडम म्हणाल्या.

मग विचारणारे ते सर माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या प्रचार करत होत्या का?"

तोवर माझा राग कधीच ओसरला होता. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण नाही म्हटलं असतं, तर सही का केली ते सांगावं लागलं असतं. सेमिनारची चोरी निघाली असती.

मी म्हणालो, "तसं वाटायचं, सर."

मॅडमनी फक्त चष्मा काढून पुसला.

पेपर बंद झाला. रिटायर होईपर्यंत सहा वर्षं त्यांनी बी.कॉम.च्या पोरांना ग्रामर आणि पत्रलेखन शिकवलं. कविता नाहीच.

मी पास झालो. आज माळशिरसला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. लोक मला सर म्हणतात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत धीर करून त्यांच्या जुळे सोलापूरच्या घरी गेलो. "बर्री, वळगे बर्री," असं कानडीत म्हणत त्यांच्या बहिणीनं आत घेतलं. चहा झाला. नोकरीची, पोरांची चौकशी झाली. मी मूळ विषय टाळत राहिलो.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "अर्ज मला दाखवला होता की कमिटीनं."

मी कप खाली ठेवला.

"सहीचं मला काही वाटलं नाही. मी तुला वर्गात बोलले होते, तू चिडलास. मीही तुला एकट्याला बोलावून सांगायला हवं होतं. पण आत येऊन जे बोललास ना, ते विचार करून बोललास. ते लागलं."

"मॅडम, माफ करा."

त्यांनी तो कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"अजून नाही जमलं रे. खोटं कशाला सांगू? पण येत जा."

मी गेलो नाही.

एप्रिलमध्ये त्यांचाच फोन आला. "त्या कविता परत काढल्यात. अक्षर दिसत नाही आता. येऊन वाचून दाखवतोस का?"

"पेपर तपासणी चालू आहे मॅडम. झाली की येतो."

तपासणी मेमध्येच संपली. माफ न करता चहा पाजणाऱ्या माणसासमोर पुन्हा बसायची हिंमत नव्हती, एवढंच. माफ केलं असतं, तर कदाचित रोज गेलो असतो.

काल त्यांची बहीण म्हणाली, "तुमची वाट बघत होती की. पुस्तक उशाशीच होतं. मला कुटं इंग्रजी येतंय वाचायला?"

ह्याची शिक्षा कुठल्या मजल्यावर, ते मला माहीत नाही. विचारायचं कुणाला, हाही प्रश्नच आहे.

बॅचमधल्या बाकीच्यांची नावं मी घेणार नाही. माझ्यापुरतं लिहितो. हत्तुरे मॅडमनी वर्गात कधीही, कुठल्याही धर्माचा प्रचार केला नाही. त्यांनी आम्हाला कविता शिकवल्या. मी कमिटीसमोर खोटं बोललो. पूर्ण शुद्धीत.

जे त्या वेळी कॉलेजात होते आणि अजून तेच खरं मानतात, त्यांनी हे वाचावं. शेअर केलंत तरी चालेल. माझ्या नावासकट.

मॅडम, एका खोट्या साक्षीदाराची तुम्हाला श्रद्धांजली.