साखरबाईंची वाळूतली मेथी

देवाची उपकरणी चिंचेने घासायला बसले होते. ताम्हण लख्ख झालं, समई काळीच होती, तेवढ्यात दाराबाहेरून हाक आली, "माई, दार उघडा! सून निजलीय, आमचं दार वाजवीत नाय. तुमच्याकडचं चहाचं रिकामं खोकं द्या."

शेजारच्या साखरबाई. डोक्यावर वाळूचं पोतं!

बाई चिंचणीच्या. उभा जन्म बोंबील सुकवण्यात गेला. मुलगा वामन तारापूरच्या बांधकामावर फिटर लागला, बोईसरला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. सून पुष्पलता गरोदर, तिला आई नाही, म्हणून त्याने साखरबाईंना आणलं. पण त्यांचा जीव रमेना. "हाताला काम नाय. बसून बसून माझंच सुकट होईल," म्हणायच्या. पौष सरला की परत जाणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. पुष्पलता त्या धास्तीने जेवेना.

"किनाऱ्यावर आमी वाळूत मेथी करतो," साखरबाई म्हणाल्या. "महालक्ष्मीला बोललेय, खोलीत मेथी उगवली तर इथंच ऱ्हाईन."

खिडकीशी खोकं ठेवलं, दाणे पेरले, ओलं गोणपाट घातलं. मीही रोज देवापुढे त्या खोक्यासाठी हात जोडत होते. पण कोंब येईना. दाणे बुळबुळीत होऊन कुजले. साखरबाईंनी कपड्यांची वळकटी बांधायला घेतली.

मग काय वाटलं कोण जाणे, चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. "खारट! मेली मीच येडी!" वाळू त्यांनी मासळी सुकवायच्या अंगणातली आणली होती. रोज झाडलेली, स्वच्छ दिसणारी म्हणून मुद्दाम तीच. वर्षानुवर्षांचं खाऱ्या मासळीचं पाणी तिच्यात मुरलेलं.

"आई, यातनं बोंबीलच उगवले असते," पुष्पलता म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

साखरबाईंनी पदर खोचला. सकाळी नळाला पाणी आलं की घमेल्यात वाळू धुवायची, जिभेवर ठेवायची, तोंड वाकडं करायचं, पुन्हा धुवायची. वामन चिडला, "आई, हे घर हाय, वाडी नाय!" तर म्हणाल्या, "तू कामावर जा. सिमेंटात काय पेरतोस ते बघ जा." एवढ्या वयात अशी चिकाटी मी कुणाची पाहिली नाही. वाळू अळणी लागली तेव्हाच दाणे पुन्हा पेरले. संध्याकाळी गार वारा सुटला की बाळाला घ्यावं तसं खोकं उचलून चुलीजवळ ठेवायच्या.

आज सकाळी पुष्पलता मला हाताला धरून घेऊन गेली. वाळूवर बोटभर मेथी दाट उभी होती. साखरबाईंनी मुळासकट उपटून चिमुकल्या जुड्या बांधल्या. एक माझ्या हातात दिली. "तुमच्या देवाला बिनलसणीची करा."

वामन हळूच म्हणाला, "आई, मग पौष सरल्यावर?"

"महालक्ष्मीला बोललेलं फिरवू काय रे, मेल्या?" त्या म्हणाल्या. पुष्पलताने डोळे पुसले आणि भाकरी थापायला घेतली.

उद्या साखरबाई चिंचणीला जाणार आहेत, आपली ट्रंक आणायला.