हिरवट अंडं

दिवेवाल्या बाईंनी एकतीस वर्षं अंडी पाहिली, पण अंड्यांचे रंग पाहिले ते निवृत्त झाल्यावर. अंडी पॅक करणाऱ्या कारखान्यात एका अंधाऱ्या खोलीत त्या बसत. समोर दिवा, त्यावरून एकेक अंडं सरकायचं. आत रक्ताचा ठिपका किंवा कवचाला तडा दिसला की ते बाजूला. सगळी अंडी पांढरीशुभ्र. क्वचित एखादं बदामी झाक मारणारं यायचं, तर तेही बाजूलाच, ट्रेमध्ये शोभत नाही म्हणून.

निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मागच्या अंगणात कोंबड्या पाळू या. प्रत्येकीचं अंडं वेगळ्या रंगाचं हवं."

नवऱ्याने आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेली. बोलणं मोजकंच. "आत सगळ्यांच्या पिवळंच ना?"

"माहीत आहे. एकतीस वर्षं आतच बघत होते."

त्याने खुराड्यासाठी फळ्या कापायला घेतल्या.

गावाबाहेर एक कोंबडीवाले काका पिल्लं विकायचे. बाई वही घेऊन तिथे गेल्या आणि तासभर प्रश्न विचारत बसल्या. काकांनी एक कोंबडी उचलून तिच्या कानाची पाळी दाखवली. "ही पांढरी असली तर अंडं बहुतेक पांढरं, लाल असली तर तपकिरी. पण यावर पैज लावू नका, अपवाद भरपूर." पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न जातीचं नाव निघताच बाईंनी हात जोडले. "पांढरं पुरे झालं या जन्मात." शेवटी ठरलं ते असं: गडद चॉकलेटी अंड्यांसाठी मारान्स, फिकट बदामी अंड्यांसाठी ससेक्स आणि निळ्यासाठी अमेरौकानाची दोन पिल्लं.

"आणि हिरवट?" बाईंनी विचारलं.

"ते घरीच घडवावं लागतं. निळ्या जातीचा कोंबडा, मारान्सची कोंबडी. त्यांच्या पोरी हिरवट अंडी देतील. पण वर्ष जाईल."

त्या वेळी बाईंनी तो नाद सोडला. पण चार महिन्यांनी दोन निळ्यांपैकी एकीने मान उंच करून चक्क बांग दिली. कोंबडीच्या भावात कोंबडा घरी आला होता. शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, याचा गळा जरा आवरा की!" नवरा म्हणाला, "परत देऊन टाकू." बाई मात्र त्या कोंबड्याकडे घरी आलेल्या जावयाकडे बघावं तशा बघत होत्या.

"राहू द्या. काम आहे त्याच्याकडे."

ससेक्स खुडूक बसली तेव्हा बाईंनी तिच्याखाली मारान्सची पाच अंडी ठेवली. तीन पिल्लं निघाली. त्यातले दोन कोंबडे निघाले, ते काकांकडे गेले. उरली एकुलती एक पोर, काळीभोर आणि महाधीट. तिच्या पहिल्या अंड्याची वाट बघताना बाईंचं जेवणात लक्ष नसायचं.

अंडी गोळा करायचं काम नवऱ्याकडे होतं. सकाळी टोपली आणून तो हिशेब सांगायचा. एका सकाळी तो म्हणाला, "आज एक निळं, एक बदामी, दोन तपकिरी."

बाईंनी टोपलीत पाहिलं. त्या दोन तपकिरी अंड्यांतलं एक स्वच्छ हिरवट होतं, कच्च्या ऑलिव्हच्या रंगाचं. त्यांना भरून आलं, आणि लगेच राग. "वर्षभर वाट बघितली, आणि तुम्ही थट्टा करता?"

"कसली थट्टा?" त्याने दोन्ही अंडी हातात घेतली, उजेडात धरली, मग हळूच खाली ठेवली. "यातलं हिरवं कुठलं?"

बाईंनी बोटाने हिरवट अंडं दाखवलं.

"मला लहानपणापासून ते दोन रंग सारखेच दिसतात," तो म्हणाला. "कामावर बांधणीच्या कापडाच्या गठ्ठ्यांवर रंगांची नावं लिहिलेली असायची, त्यामुळे निभावलं. सांगायचं राहून गेलं."

"लग्नानंतर सदतीस वर्षं राहून गेलं? मी विणलेल्या प्रत्येक स्वेटरला 'छान रंग' म्हणायचात, ते?"

"स्वेटर छानच असायचे. रंगाचं मी तुझ्या भरवशावर बोलायचो."

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यांनी वाटीच्या काठावर दोन्ही अंडी फोडली आणि रिकामी कवचं आतली बाजू वर करून त्याच्या तळहातावर ठेवली. "तपकिरी रंग वरवर चढतो, निळा आरपार जातो. हिरवट म्हणजे निळ्यावर चढलेला तपकिरी. आतून बघा."

एक कवच आतून पांढरं होतं, दुसरं फिकट निळं. निळा त्याला दिसत होता. तो कवच फिरवून फिरवून बघत राहिला. चहा गार झाला तरी उठला नाही.

पुढच्या महिन्यात तो पहिल्यांदाच बाईंबरोबर काकांकडे आला आणि आपणहून म्हणाला, "मलाही ओळखता येतील अशी ठिपक्याठिपक्यांची अंडी देणारी एखादी जात आहे का?" काकांनी वेल्समर जातीची एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, दाखवली. सगळ्याच अंड्यांवर ठिपके येतील असं नाही, हेही सांगितलं. त्याने ती उचलली, तशी तिने त्याच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"दुसरी घ्या हो, शांत असेल अशी," बाई म्हणाल्या.

"नको, हीच," असं म्हणून अंगठा चोखत तो खोकं आणायला गेला.