ओट्यावरून कॉमेंट करणारी सुंदरामावशी

सुंदरामावशी फेसबुकवर कॉमेंट लिहीत नसत, बोलत असत. घणसोली गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर पाय पसरून बसायचं, फोन तोंडापुढे आडवा धरायचा, माइकचं चिन्ह दाबायचं आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मत मांडायचं. त्यामुळे त्यांचं म्हणणं आधी शेजाऱ्यांना कळे आणि मग ग्रुपवर आम्हाला. बोलून झाल्यावर माइक बंद करायचा असतो, हे सुनेने, रेखाने, कितीदा सांगूनही त्या विसरत. मग कॉमेंटच्या शेपटीला घरातलं काहीबाही चिकटून येई. एकदा पार्किंगवरून जोराचं भांडण चाललं होतं, तेव्हा त्यांची कॉमेंट अशी आली: "गारी ठेवाला जागा नाय तं गारी घेतली कशाला. माज्या बापानं बैल घेतला तवा आदी गोठा बांदला. गो रेखा कुकर बंद कर किती शिट्या झाल्या."

पार्किंगचं भांडण तिथेच विरलं. कुकरमध्ये काय आहे, असं लोक विचारू लागले. कोणी म्हणालं डाळ, कोणी म्हणालं वाल. वाशीच्या एका गृहस्थाने थोड्या वेळापूर्वी बेलापूरच्या दुसऱ्या गृहस्थाला अडाणी म्हटलं होतं. तो आता त्याच माणसाशी, वाल कुकरला लावावेत की पातेल्यात शिजवावेत, यावर गोडीने बोलत होता. त्या भांडणात मीही होतो. सोसायटीच्या नियमांचा आधार देत, नीट परिच्छेद पाडून मी लिहिलं होतं. माझ्या लिहिण्याला एक लाइक होता. तो माझ्या बायकोचा, नंदाचा. तिनेही तो मी सांगितल्यावर दिला होता.

माझं नाव विलास जगदाळे. मूळचा साताऱ्याकडचा, आता सानपाड्याला राहतो. औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. दिवसभर वस्तूतली खोट शोधायची आणि ती बाजूला काढायची, हे माझं काम. 'खाडीकाठ कट्टा' नावाच्या ग्रुपवर मी आलो तोही याच सवयीने. नवी मुंबईतल्या पाण्यावर, रिक्षांवर, वडापाववर तिथे दिवसभर वाद चालत. बहुतेक जण एकमेकांना ओळखत नसत. मी आपलं चुकीच्या माहितीखाली बरोबर माहिती लिहीत असे.

आणि सुंदरामावशींइतकं चुकीचं तिथे कोणीच बोलत नसे. खाडीतले रोहित पक्षी बिल्डरांनी फ्लॅट खपवण्यासाठी आणून सोडलेत, हे त्यांचं ठाम मत होतं. "आमच्या लानपनी ह्ये गुलाबी काय नव्हता. तवा पांडरा बगला व्हता. आता कोनाला माजा पटत नसंल त्यानं सांगावा." मी सांगितलं. शेवाळ, खाडीचं बदललेलं पाणी, पक्ष्यांचे प्रवास, सगळं क्रमाने लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं: "जगदाले साहेबांनी लय चांगला लिवलाय. वाचून घेतला रेखाकरनं. वाचे वाचेपरत माजा चाय थंड झाला. रेखा चाय गरम कर गो."

सगळा कट्टा हसला. पक्ष्यांबद्दल माझं एक अक्षर चुकलं नव्हतं. तरी लोक दिवसभर त्यांना विचारत राहिले की मावशी, चहा गरम झाला का. मी त्या हसण्याच्या खुणा पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो. माझा राग लगेच ओसरला. त्यानंतर मनात जे राहिलं त्याला हेवा म्हणतात, हे कबूल करायला मला पुष्कळ दिवस लागले.

त्यांना कोणी वेडंवाकडं बोललं तरी त्यांच्या अंगाला लागत नसे. एका मुलाने लिहिलं, "म्हातारे, तुला काय कळतं?" मावशींनी उत्तर दिलं, "काय नाय कलत बाला. तूच सांग. तुजी आय बरी हाय ना?" मग त्याने लिहिलं की आईचा गुडघा दुखतो. संध्याकाळपर्यंत अर्ध्या नवी मुंबईने त्या गुडघ्यावर औषधं सुचवली होती. वादात हरल्या की त्या म्हणत, "बरा, तुजा खरा." आणि दुसऱ्या दिवशी तेच चुकीचं मत नव्या जोमाने मांडत. माझ्यासारख्याला याचा फार त्रास होई. एकदा चूक दाखवली की ती मिटली पाहिजे, एवढंच मला ठाऊक होतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एक दिवस मावशींच्या कॉमेंटखाली मला माझ्या मुलीचं नाव दिसलं.

ऋजुता हैदराबादला नोकरी करते. आमच्यात जे झालं ते थोडक्यात सांगतो. गावाकडच्या एका मित्राला त्याच्या मुलासाठी मी परस्पर शब्द दिला होता. तिने नकार दिला. तिचं चुकलं कसं, ते मी तिला मुद्देसूद समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि पुढच्या आठवड्यात हैदराबादची नोकरी घेऊन निघून गेली. तेव्हापासून आमचा फोन म्हणजे "जेवलीस का?", "हो", "बरं, आईला देऊ?" एवढाच. मी कट्ट्यावर आहे हे तिला माहीत होतं, पण माझ्या लिहिण्याखाली ती कधी आली नव्हती.

मावशींशी मात्र ती माशाच्या आमटीवरून भांडत होती. आमटीला चिंच की कोकम, असा वाद होता. मावशी म्हणत होत्या, कोकम घालणारी मानसं कोकनी, आपली नाय. ऋजुताने लिहिलं होतं, "मुद्दा असा की मावशी, कोकणी माणसंही आपलीच. इथे कोकम मिळत नाही म्हणून मी चिंच घालते, नाहीतर मी तुमच्या विरुद्ध पार्टीत." आमच्या घरात मासळी शिजत नाही. माझी मुलगी आमटी करून खाते, हे मला एका अनोळखी बाईच्या कॉमेंटखाली कळलं. मी मागचं सगळं चाळत गेलो. तिला ताप येऊन गेला होता. तिने घर बदललं होतं. नव्या घराच्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं. तापात मावशींनी तिला रोज विचारलं होतं, "बाय, पेज पिलीस का?" आणि तिने रोज उत्तर दिलं होतं.

नंदाला ताप माहीत होता. "तुम्हाला सांगू नको म्हणाली," ती म्हणाली. "तुम्ही 'भिजलीस कशाला?' असं विचारलं असतं."

मी ते विचारलंच असतं.

पुढच्या रविवारी मी घणसोली गावात गेलो. माझ्या मुलीपासून लांब राहा, असं काहीतरी बोलायचं मनाशी ठरवलं होतं. घर शोधायला वेळ लागला नाही; गल्लीत शिरताच आवाज आला. खाली ओटा, वर भाड्याच्या खोल्यांचे मजले, जिन्यावर वाळणारे कपडे. मावशींनी फोन खाली ठेवला आणि मला वरखाली पाहिलं.

"कोन पायजे?"

"रूम आहे का भाड्याने?" माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"बॅचलर का फॅमिली?"

"बॅचलर. म्हणजे आमच्या कंपनीतला एक जण आहे."

"दारू पितो?"

"नाही."

"मंग काय पितो?"

"चहा," मी म्हणालो.

"बरा. चल."

आता माघार कशी घेणार? त्यांच्यामागे जिना चढून मी खोली बघितली. मोरीत डोकावलो आणि सवयीने बोलून गेलो, "मावशी, मोरीचा उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येईल."

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "जगदाले ना तुमी? सानपाड्याचं?"

मी मोरीतून मागे सरलो.

"रूम बगाला येतो त्यो नल बगतो, पंका बगतो. उतार कोन बगतो?" त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग हसू आवरून म्हणाल्या, "रूम पायजे का पोरगी पायजे?"

ऋजुताने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. काय सांगितलं, हे मी विचारलं. "ता तिला ईचारा," त्या म्हणाल्या. खाली ओट्यावर बसवून त्यांनी मला चहा दिला. ठरवलेलं बोलणं माझ्याकडून झालं नाही. उलट मीच विचारलं, "माझ्याशी ती चार शब्द बोलत नाही. तुमच्याशी एवढं बोलते. तुम्ही तिला असं काय विचारता?"

"मी काय ईचारत नाय. मी कायतरी बोलतय. चुकतय. मंग लोका मना सांगाला येतान. सांगता सांगता आपला घरचा पन सांगतान." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमचा समदा बरोबर असते. मंग समोरच्यानी बोलाचा काय? बरोबर हाय बोलाचा न घरी जावाचा."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकता?"

"नाय रे! मना खराच येत नाय." बशी रिकामी करून त्या म्हणाल्या, "पन मना कोन चुकली बोलला तं मना काय व्हत नाय. तुमाला व्हते."

मी निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून आवाज आलाच: "आज जगदाले साहेब आमच्या घरी आल्तं. मोरीचा उतार चुकलाय बोललं. कोनाकरं चांगला गवंडी हाय का? गो रेखा, चायची बशी उचल." घरी पोचलो तोवर कट्ट्यावर हसण्याचा पूर आला होता. माझ्या एवढ्या वर्षांच्या मुद्देसूद लिहिण्याला मिळालं नव्हतं तेवढं प्रेम त्या उलट्या उताराला मिळालं. आणि त्यात ऋजुता होती. "मावशी, बाबांना जिना दाखवला नाहीत ना? प्रत्येक पायरीची उंची तपासतील." पुढे हसून डोळ्यांत पाणी आल्याची खूण.

मी ते नंदाला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटाच वाचलं. मुलीने माझ्याबद्दल लिहिलं होतं, मायेनेच लिहिलं होतं. पण लिहिलं होतं मावशींना.

मावशींचं तंत्र मी करून पाहिलं, हेही सांगून टाकतो. पुढच्या फोनवर मी ऋजुताला म्हणालो, "हैदराबादला समुद्राचा वारा बरा असेल ना?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शुगर कधी तपासलीत? आईला द्या फोन."

कट्ट्यावरही मुद्दाम चुकीचं लिहायला बसलो आणि पाठवण्याआधी दुरुस्त करून टाकलं. मला चुकताही येईना. मावशींना ते जन्मजात जमत होतं, आणि त्यावरूनही मी जळलो.

पुढे मावशींच्या कॉमेंटी विरळ झाल्या. बोलता बोलता धाप लागल्याचं अक्षरांत कळत नाही. वाक्यं फक्त तुटक येऊ लागली. मग एके दिवशी दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडला आणि फोनवर त्यांच्याच नावाने आलेला मजकूर पाहिला. सून रेखाने लिहिलं होतं: "आमची आय आज सकाली गेली. तुमी समदी तिची मानसं, म्हनून सांगतय."

खाली माणसं जमत गेली. वाशीचे गृहस्थ होते, बेलापूरचे होते. ज्याच्या आईचा गुडघा दुखत होता तो मुलगाही होता. मी लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. ऋजुताचा होता. तिने आपणहून मला फोन करण्याची ही बऱ्याच काळानंतरची पहिली वेळ.

"बाबा, मावशी गेली," ती म्हणाली आणि रडू लागली.

"हो बाळा, वाचलं," एवढंच मी म्हणालो.

"मी दिवाळीला येणार होते ना, तिच्याकडे जाणार होते जेवायला. तिला सांगितलंही होतं." दिवाळीला ती येणार होती, हे मला माहीत नव्हतं. "बाबा, मी तिला कधी बघितलंच नाही. प्रोफाइलला कोंबड्याचा फोटो लावला होता तिने. कट्ट्यावरचं कुणीच तिला भेटलेलं नाही, तुम्ही सोडून. कशी होती हो?"

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माणसं उठून गेली. सुपरवायझरने दारातून हाताने विचारलं, येताय ना? मी मान हलवली आणि बसून राहिलो.

तो फोन माझ्यासाठी नव्हता, हे मला समजत होतं. तिला मावशी हव्या होत्या, आणि त्यांना डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी होतो. ती हुंदके देत होती आणि माझ्या मनात येत होतं की मी जाईन तेव्हा ही अशी रडेल का. सकाळीच गेलेल्या बाईचा मी हेवा करत होतो. याची लाज मला त्या क्षणीही वाटत होती, आणि तरी फोन संपू नये असंही वाटत होतं.

"बाबा? सांगा ना."

"सांगतो," मी म्हणालो. "ठेंगणी होती. कपाळावर गोंदलेलं होतं, हिरवं, थोडं फिकट झालेलं. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. समोरचा एक दात नव्हता, ते लपवायची नाही. आणि हसायला लागली की..."

"की काय?"

"की तिला भिंतीला धरावं लागायचं."

"अजून," ती म्हणाली. "सावकाश सांगा. मी ऐकतेय."